ब्रीझचा निरोप

एनिड कीपिंग गनर्स टिकलला आली ती १९४६ च्या नोव्हेंबरात, किनाऱ्याने गावोगाव फिरणाऱ्या बोटीतून, दोन दिवस सलग ओकत. बोट धक्क्याला लागली तेव्हा तिच्या अंगात डर्बीहून आणलेला निळा कोट होता आणि पायांत टाचांचे शहरी बूट. धक्क्यावर अख्खं गाव जमलं होतं. अख्खं म्हणजे एकोणीस घरं. तिचा नवरा लेम्युअल पुढे झाला, तिची पेटी त्याने खांद्यावर घेतली. त्याच्या आईने, सेलिनाने, सुनेच्या बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "ह्यांच्यावर चालता येतं का, की नुसतं उभं राहायचं?"

सगळे हसले. एनिडही हसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

लेम लढाईत आरमारात होता. न्यूमोनिया होऊन डर्बीच्या इस्पितळात पडला तेव्हा एनिड तिथल्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी बदलायला आली की तो तिला थांबवून घ्यायचा. "आमच्या न्यूफाउंडलंडात डोंगर आहे, समुद्र आहे आणि मासा आहे," तो सांगायचा. "चौथं काही नाही." तिला ती थट्टा वाटायची. गनर्स टिकलला उतरल्यावर कळलं की माणूस अगदी खरं बोलत होता. झाडसुद्धा नव्हतं. खडकाला चिकटून घरं आणि घरांसमोर ते अरुंद पाणी, ज्याला तिकडे टिकल म्हणतात.

भाषा तीच होती, इंग्रजीच. पण शब्द ओळखीचे वाटायचे आणि अर्थ भलताच निघायचा. मासा म्हणजे फक्त कॉड. जाळ्यात दुसरं काही आलं तर म्हणायचे, "आज मासा नाही, नुसता सामन." समुद्र शांत असला की म्हणायचे, "आज दिवस सभ्य आहे." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा एनिडने मागे वळून बघितलं होतं, कोण पाहुणा आला म्हणून. लेम घरी असला की ती हळूच त्याला विचारून घ्यायची. तो सांगायचा, वर तिच्या डर्बीच्या उच्चाराची नक्कल करायचा. ती चिडली की तिच्या नाकाला पीठ लावायचा.

एक शब्द मात्र तिने त्याला कधीच विचारला नाही, कारण तो आपल्याला येतो अशी तिची खात्री होती.

तिच्या माहेरी ब्रीझ हा शब्द रोजचा होता. तिचा बाप गॅसच्या कारखान्यात होता. दगडी कोळशातून गॅस काढला की कोक उरे, आणि कोक चाळला की खाली जो काळा चुरा पडे, त्याला ब्रीझ म्हणत. बाप संध्याकाळी घरी यायचा तो कानांत, भुवयांत, नखांत ब्रीझ घेऊन. ह्याच चुऱ्याचे ठोकळे करून घरांच्या भिंती बांधत. आणि रविवारी तोच बाप अंघोळ करून खिडकी वर सरकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अहाहा, काय ब्रीझ आहे!" ती दुसरी ब्रीझ. पडदा हलवणारी झुळूक. एका शब्दाला दोन अर्थ असतात हे एनिड तेव्हापासून जाणून होती. तिसरा असेल हे तिच्या मनातही आलं नाही.

सत्तेचाळीसच्या जुलैत एका सकाळी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. खाली लाकडी मांडवांवर बायका खारवलेला मासा उन्हात पसरत होत्या. त्यांत सेलिना होती आणि लेमच्या धाकट्या भावाची, हेडलीची, नवी बायको ब्यूलाही होती. गार वारा सुटला, कपडे फडफडले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच एनिडला बरं वाटलं असावं. ती आपणहून बोलली, "किती छान ब्रीझ सुटलीय आज!"

खाली बायकांनी माना वर केल्या.

"ऐकलंत का गं?" सेलिना म्हणाली. "राणीसाहेबांना ब्रीझ हवीय!"

"देवा, तिचं ऐकू नकोस रे बाबा," ब्यूलाने आभाळाकडे हात जोडले. "नवीन आहे ती!"

बायका मासे हातात धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एनिडला वाटलं, आपल्या उच्चाराला हसताहेत. तिचे कान लाल झाले. हसायचं काय होतं ते कुणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. संध्याकाळी लेम म्हणाला, "आज गप्पशी?" तेव्हाही तिने काही नाही म्हणून मान हलवली. फक्त एवढं ठरवलं की हा शब्द ह्या लोकांसमोर पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

सप्टेंबरची चोविसावी सकाळ. उजाडताना पाणी काचेसारखं होतं. लेम आणि हेडली धक्क्यावर बोटीत जाळी भरत होते. एनिड चहाची किटली आणि फडक्यात बांधलेला पाव घेऊन खाली निघाली. वाटेत नेबथकाकांचं कुंपण लागायचं. काका तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. आकाशाची त्यांना इतकी जाण होती की त्यांचं ऐकल्याशिवाय कोणी बोट सोडत नसे. उजवा गुडघा सुजलेला, म्हणून ते कुंपणाला रेलून उभे होते.

"एनिड, पोरी," त्यांनी हाक मारली. "लेमला सांग, दुपारच्या आत ब्रीझ येतेय."

"सांगते काका."

कुंपणापासून धक्का तीसेक पावलं. तेवढ्या वाटेत एनिडला वाटलं ते इतकंच, की बातमी चांगली आहे. उन्हातान्हात राबणाऱ्यांना जरा गारवा मिळेल.

"काका काय म्हणाले?" लेमने किटली घेत विचारलं. "हात करत होते मघाशी."

तो शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण हेडली तिच्याकडे बघत होता, आणि हेडली म्हणजे ब्यूलाचा नवरा. जुलैची गंमत त्याला कळलेली असणारच. पुन्हा हसतील म्हणून तिने तो गिळला आणि त्याचा अर्थ तेवढा सांगितला.

"दिवस छान आहे म्हणाले. दुपारी जराशी झुळूक येईल."

"झुळूक?" लेमने आभाळाकडे बघितलं. "मग बाहेर जाऊ या की."

"आतल्या पाण्यात आहे काय?" हेडली म्हणाला. "आठवडाभर नुसती जाळी धुतोय आपण."

लेमने इंजिनाचं चाक फिरवलं. बोट सुटता सुटता तो ओरडला, "रात्री मटार शिजव!" तिने हात हलवला. इंजिनाची टकटक टोकापलीकडे जाईपर्यंत ती तिथेच उभी होती, कारण चहाची किटली रिकामी करून परत द्यायला तो विसरला होता आणि तिला वाटलं, आठवलं तर वळेल.

दहाच्या सुमाराला आधी आवाज आला. वारा नव्हता, तरी बाहेरचा समुद्र खडकांवर धडकायला लागला होता. अकराला वारा आला तो एकदमच. माशांच्या कोठाराचं छप्पर उचललं गेलं आणि चर्चच्या भिंतीवर जाऊन आपटलं. टिकलमधलं पाणी पांढरं झालं. सेलिना खिडकीच्या चौकटीवर दोन्ही तळहात दाबून उभी होती.

"ब्रीझ आली," ती म्हणाली.

"काय आली?"

"ब्रीझ! ब्रीझ! डोळे फुटले का तुझे?"

एनिडने बाहेर बघितलं. मग सासूच्या तोंडाकडे बघितलं. हातातलं मटाराचं भांडं तिने टेबलावर ठेवलं, अगदी सावकाश, आवाज होऊ न देता. तेवढ्या वेळात तिला सगळं समजलं.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या किनाऱ्यावर खडकांच्या एका कपारीत बोट उपडी सापडली. माणसं सापडली नाहीत, ना लेम ना हेडली. सापडला तो हेडलीचा एक लोकरी हातमोजा, बोटीच्या फळीत अडकलेला. तो ब्यूलाने घेतला.

संध्याकाळी नेबथकाका टोपी हातात घेऊन आले. स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. काका सेलिनासमोर उभे राहिले. "मी निरोप दिला होता गं," ते म्हणाले. "सकाळीच. एनिडच्या हाती."

सगळ्यांच्या नजरा वळल्या.

"सांगितलंस ना त्याला?" सेलिनाने विचारलं.

"सांगितलं," एनिड म्हणाली.

एवढा एकच शब्द. सेलिनाने डोळे मिटले. "बापाच्या वळणावर गेला," ती म्हणाली. "सांगून ऐकेल तर शपथ. स्वतः गेला तर गेला, धाकट्यालाही घेऊन गेला." ब्यूला भिंतीशी बसली होती. लग्नाला पाच महिने झालेली ती पोर. तिने मान वर केली आणि लेमचं नाव घेऊन असं काही बोलली की शेजारणीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एनिडने तोंड उघडलंही होतं. पण ज्या घरात ती दहा महिन्यांची परकी होती, त्या घरात एका वेळी दोन मुलगे गेले होते, आणि तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं. महिनाभराने अशक्य झालं.

डर्बीहून बापाचं पत्र आलं. परत ये, तुझी खोली तशीच आहे. एनिडने लिहिलं, सासूबाई एकट्या आहेत, त्यांना सोडून कशी येऊ? ते खोटं नव्हतं. पण त्याहून खरं हे होतं की तिच्यामुळे एका मेलेल्या माणसावर आळ आला होता आणि त्याला तिथे एकट्याला सोडून जायला तिचे पाय वळत नव्हते. गावात लेमच्या नावाची जणू म्हण झाली. पोरगं ऐकेना की आई ओरडायची, "लेम कीपिंग व्हायचंय का तुला?" दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, बेरी खुडताना खडकांमध्ये एनिड ते ऐकायची. खाली मान घालून काम करत राहायची. तिला लोक शहाणी, सोशिक म्हणायला लागले. ते सर्वांत जास्त टोचायचं.

त्रेपन्न साली हवामान खात्याचा माणूस आला, कार्बेरी नावाचा, मुख्य भूमीवरचा. किनाऱ्यावर वाऱ्याची नोंद ठेवणारं कोणीतरी हवं होतं, सुवाच्य अक्षराचं. शाळामास्तराने एनिडचं नाव सुचवलं. कार्बेरीने डोंगरावर खांब उभा केला, त्यावर गरगर फिरणाऱ्या वाट्या बसवल्या, घरात वायुभारमापक टांगला, बिनतारी यंत्र लावलं आणि टेबलावर वाऱ्याचा जोर शून्य ते बारा आकड्यांत मांडणारा एक छापील तक्ता पसरला.

एनिडने तो वाचला. मग बोट ठेवून विचारलं, "हा एकच शब्द पाच ओळींत आहे?"

"ब्रीझ? हो. हलकी, मंद, मध्यम, ताजी, जोराची. दोनपासून सहापर्यंत."

"आणि इथले लोक ज्याला ब्रीझ म्हणतात?"

कार्बेरी हसला. "ती आठच्या पुढे, म्हणजे वादळच. त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांच्या लेखी घर उडालं तर वारा, नाहीतर ब्रीझच."

"मी शब्द न देता नुसते आकडे दिले तर चालतील?"

"आकडेच हवेत आम्हाला. घाबरू नका, कीपिंगबाई. हे काम म्हणजे नुसती ब्रीझ आहे."

हातचा मळ, असं त्याला म्हणायचं होतं. तिकडे मुख्य भूमीवर तसं म्हणतात. एनिडने तक्त्याची घडी घातली आणि तो खणात ठेवून दिला.

तेव्हापासून रोज सकाळी मासेमारीला निघणारे तिच्या दाराशी थांबायला लागले. नेबथकाकांचे डोळे अधू झाले होते. आता सगळे एनिडला विचारायचे. ती आकडा सांगायची, दिशा सांगायची, बाहेर जायचं की आत राहायचं ते सांगायची. मग म्हणायची, "मी काय सांगितलं, ते परत म्हण." म्हटल्याशिवाय हलू द्यायची नाही. पन्नाशीचे बाप्ये दारात शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे.

"सहा, आग्नेयेचा, बाहेर जायचं नाही," गार्फ बिलार्ड एकदा घडाघडा म्हणाला. "झालं? की पाढे पण म्हणू?"

"संध्याकाळी जिवंत परत ये. मग पाढे घेते."

गार्फ हसत गेला. गावात तिला मास्तरीण नाव पडलं. पण त्या खोड्यांत आणि हसण्यात ती दाराच्या आतच असायची. संध्याकाळच्या पत्त्यांना तिला बोलावत, ती जात नसे. सेलिना आणि ती एका टेबलावर जेवायच्या, आणि बहुतेक वेळा काट्याचमच्यांचाच आवाज व्हायचा.

एकसष्टच्या मार्चमध्ये सेलिनाने ठरवलं की पोरांच्या नावाचा दगड लावायचा. देह नाही तर नसो, दगड हवा. तिला आता दिसत नव्हतं, म्हणून पाथरवटाला लिहायचं पत्र तिने एनिडला सांगायला घेतलं. दुपारची वेळ. चुलीशी बसून सेलिना बोलत होती, एनिड लिहीत होती.

"वर हेडलीचं नाव. मोठ्या अक्षरांत. वय चोवीस. खाली लिही, समुद्रात बुडाला, भावाच्या हट्टापायी."

एनिडचा टाक थांबला.

"लिहिलंस?"

"नाही."

"का गं?"

"दगडावर खोटं कोरायचं नाही," एनिड म्हणाली. आणि मग तिने सांगितलं. कुंपण, तीस पावलं, किटली, हेडलीची नजर. तिने काय ऐकलं, काय समजली आणि काय सांगितलं. सांगताना ती रडली नाही. इतक्या वर्षांत मनाशी हजारदा म्हटलेलं ते पाठांतर होतं.

सेलिनाने एनिडच्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "तो काय म्हणाला? त्याचे शब्द सांग."

"'झुळूक?' म्हणाला. मग आभाळाकडे बघितलं."

"आणि?"

"रात्री मटार शिजव म्हणाला."

सेलिनाचे ओठ हलले. "चौदा वर्षं," ती म्हणाली. "चौदा वर्षं मी माझ्या पोराला शिव्या दिल्या आणि तू समोर बसून जेवलीस."

"हो."

"कपडे वाळत घालत होतीस तू. त्या दिवशी आम्ही हसलो होतो तुला."

"हो."

"सगळ्यांत आधी मी हसले," सेलिना म्हणाली. उठली, भिंत चाचपत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे ती सुनेशी बोलली नाही. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं उचलायचं. मग एका रविवारी सकाळी ती काळा पोशाख घालून बाहेर आली. "चल," म्हणाली. "त्याचं नाव चारचौघांत खराब झालं. चारचौघांतच धुवायला हवं."

गावात पाद्री राहत नसे. शाळामास्तरच प्रार्थना वाचायचा. प्रार्थना संपल्यावर सेलिनाने एनिडचा दंड धरून तिला उभं केलं. एनिड पुन्हा सगळं बोलली, ह्या वेळी सत्तर-ऐंशी माणसांसमोर. मधल्या रांगेतून ब्यूला उठली. तिने पुन्हा लग्न केलं होतं, पदरात दोन मुली होत्या. ती एनिडच्या अगदी जवळून गेली, दार उघडून बाहेर पडली, आणि दार उघडंच राहिलं.

मग नेबथकाका उठले. पंच्याऐंशीचे, दोन काठ्यांवर. "गुडघा दुखत होता माझा," ते म्हणाले. "पण इतका नव्हता. दोघा पोरांशी दोन शब्द बोलायला तीस पावलं जाता आलं असतं. मी आळस केला." आणि खाली बसले.

सोमवारी एनिडच्या दारात कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. तिने पाटीवर आकडा आणि दिशा लिहून पाटी बाहेर टांगली. लोक यायचे, रस्त्यातून वाचायचे, जायचे. ती खिडकीच्या आतून बघायची. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी दारावर थाप पडली.

"पाटी वाचली मी," गार्फ म्हणाला. तो बुटांकडे बघत होता. "पण परत कोणाला म्हणून दाखवू? पाटी काही ऐकत नाही."

एनिडने दाराचा आधार घेतला. "म्हण," ती म्हणाली.

दगड आला तेव्हा त्यावर दोन्ही नावं एकसारख्या अक्षरांत होती, खाली फक्त तारीख. सेलिनाने बोटांनी अक्षरं चाचपून बघितली. तुला माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही आणि एनिडने कधी विचारलं नाही. पण त्यानंतर रोज रात्री ती जेवल्यावर खुर्ची वळवून बसायची आणि एनिडकडून केस विंचरून घ्यायची. चौसष्टच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हा घरात एनिड एकटी होती, आणि मग एकटीच राहिली.

अडुसष्टला सरकारने गाव हलवायचं ठरवलं. शाळामास्तर मिळत नव्हता, डॉक्टर बोटीने एक दिवस दूर. उपसागरापलीकडच्या मोठ्या गावात सगळ्यांना जागा मिळणार होत्या. लोकांनी घरं पायापासून सोडवली, पिंपांवर बांधून पाण्यात लोटली आणि मोटारबोटींच्या मागे ओढत नेली. खिडक्यांचे पडदेसुद्धा तसेच. एकेक घर टोकाला वळसा घालून दिसेनासं होत होतं.

ब्यूलाचं घर निघायचं त्या सकाळी ती एनिडच्या दाराशी आली. सात वर्षांत पहिल्यांदा.

"घर न्यायचंय," ती म्हणाली. "किती आहे?"

"तीन. पश्चिमेचा. चार वाजल्यानंतर पाच होईल. जेवायच्या वेळेआधी टोकापलीकडे गेलं पाहिजे."

"तीन, पश्चिमेचा, चारनंतर पाच, जेवणाआधी टोकापलीकडे," ब्यूला म्हणाली. तरी गेली नाही. "तू का येत नाहीस?"

"खात्याला नोंदी हव्यात अजून."

"कोणासाठी? एक बोट उरत नाहीये इथे. थडग्यांना वारा सांगत बसणार आहेस?"

"पगार चालू आहे तोवर सांगते."

"खुळी ती खुळीच," ब्यूला म्हणाली आणि उतरून गेली.

दोन वर्षं एनिड गनर्स टिकलला एकटी राहिली. महिन्यातून एकदा बोट पीठ, चहा, दिव्याचं तेल टाकून जायची. जिथे घरं होती तिथे खडकावर नुसते चौकोन उरले होते. चर्च तेवढं उभं होतं, आणि दगड. सकाळ-संध्याकाळ ती यंत्रासमोर बसून आकडे वाचायची. पलीकडे एका बाईचा आवाज असायचा. तो "मिळालं" म्हणायचा आणि बंद व्हायचा. पहिल्या हिवाळ्यात एकदा सलग सोळा दिवस हिमवादळ झालं. सतराव्या दिवशी आकडे दिल्यावर एनिडला ते यंत्र बंद करवेना.

"तुमच्याकडे कसं आहे हवामान?" तिने विचारलं.

"कोण जाणे," आवाज म्हणाला. "आमच्या खोलीला खिडकी नाही हो."

त्यानंतर एनिड आकड्यांनंतर एखादं वाक्य जास्त सांगायला लागली. बर्फावर कोल्ह्याचे ठसे आहेत. आज टिकलमध्ये सील आलाय. त्या बाईचं नाव तिला कधी कळलं नाही. तीही कधी कधी जास्तीचं एक वाक्य बोलायची, "छान," किंवा "आणि मग?"

सत्तरच्या सप्टेंबरात खात्याने केंद्र बंद केलं. बोटीवरच्या लोकांनी खांब उतरवला, वाट्या पेटीत भरल्या. एनिडने दगडाभोवतीचं गवत काढलं, घराचं दार ओढून घेतलं आणि बोटीत बसली. ह्या वेळी तिला ओकारी झाली नाही.

मोठ्या गावात तिला मासळी कारखान्याच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. बापाचं पत्र यायचं केव्हाच थांबलं होतं. डर्बीला ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. कारखान्याच्या भोंग्याने दिवस सुरू व्हायचा आणि तिला कोणी काही विचारत नसे. रेडिओ सगळ्यांकडे होता. पहिल्या वर्षी ती सकाळी सवयीने उठून दाराशी जायची, कडी काढायची आणि थोडा वेळ उभी राहायची.

एका गुरुवारी ब्यूला आली. तिच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या, दुसरा नवराही वारला होता. दोन गल्ल्या सोडून तेच ओढत आणलेलं घर होतं तिचं. तिने पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढून टेबलावर टाकला. "एकटीने खेळून कंटाळा आला," ती म्हणाली. "येतं का तुला, की तेही शिकवायला लागेल?"

"थोडं येतं."

"थोडं येतं म्हणजे येत नाही. बस."

पुढची बारा वर्षं, ब्यूला अंथरुणाला खिळेपर्यंत, दर गुरुवारी ती यायची. बूट दारात काढायची, कोट खुंटीला अडकवायची, खुर्ची पुढे ओढायची. हेडलीचं नाव तिने कधी काढलं नाही, लेमचंही नाही. दोघी चहा गार होईपर्यंत खेळायच्या. ब्यूला लबाडी करायची, एनिडला ते दिसायचं, आणि ती काही बोलायची नाही.